गयाबाईची बसायची जागा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर भांडलो. विषय मिरचीचा. माझी बायको गयाबाई पडक्या देवळाच्या आत, मी बाहेर बाभळीखाली दगडावर. माझ्या पुढ्यात फडकं सोडलेलं. त्यात भाकरी, पिठलं, कांदा. मिरची नाही.

"मिरची कुठाय?" मी बाहेरून ओरडलो.

"बघा फडक्यात." आतून आवाज. आत अंधार, ती दिसत नव्हती.

"न्हाई फडक्यात."

"मंग नाकाला बघा. तितं कायम झोंबलेली असती."

"गया, मिरची दे."

"माज्याकडं हाय. पायजे तर आत या."

"येत न्हाई."

"मंग कोरडं खावा."

हे नेहमीचं होतं. कुठल्याही पडक्या देवळात गेलो की ती जेवणातली एक वस्तू धरून आत जाऊन बसायची. कधी मीठ, कधी पाण्याचा तांब्या. मी आत यावं म्हणून. मी जायचो नाही. मग थोड्या वेळानं गुडघे धरत, कण्हत बाहेर यायची, ती वस्तू माझ्यापुढं आपटायची अन् म्हणायची, "आडमुठ्या." इतक्या वर्षांत मी एकदाही आत गेलो नाही अन् तिनं एकदाही मला उपाशी उठू दिलं नाही. त्या दिवशीही मिरची मिळाली.

मांजरसुंब्याच्या पुढं डोंगरात एक वस्ती आहे, तिथलं हे देऊळ. आमचं गाव नेकनूरच्या अलीकडं, म्हणजे दोन एसट्या बदलून जावं लागायचं. जेवण झालं तेवढ्यात वस्तीचा कारभारी दगडूनाना शेळ्या घेऊन आला. आम्ही नेहमी येतो म्हणून ओळखीचा. म्हणाला, "बाई, आता आमचं देऊळ नवं व्हणार. कारखान्याच्या चेअरमननं फरशी कबूल केलीय. परवा सकाळी हितंच मीटिंग हाय."

गयाबाईचं तोंड उतरलं. "दार बसवणार का?"

"देऊळ म्हणल्यावर दार आलंच की. दार म्हणल्यावर कुलूप आलं."

"मंग परवा मी येते. मला बोलायचंय."

नाना हसला. "या की. च्या हाय."

येताना एसटीत तिला डुलकी लागली. खिडकीच्या दांडीवर डोकं आपटत होतं म्हणून मी मधी हात धरला. उतरेपर्यंत हाताला मुंग्या आल्या. रात्री अर्धी भाकरी खाल्ली, आडवी झाली, म्हणाली, "परवा येळेवर उठवा. पैली गाडी धरायचीय." सकाळी मी चहा घेऊन हाक मारायला गेलो तर ती गेलेली होती.

एवढंच. याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही. मी चौथी पास माणूस, शुद्धलेखनाचं कुणी काढू नये. ती कशी होती ते लिहितो.

आधी आमचं सांगतो, म्हणजे मी बाहेर का बसायचो ते कळेल. आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर आमच्या दोघांच्याही वस्त्यांनी देव सोडले. गयाबाईच्या बापानं घरातले टाक अन् मूर्त्या टोपल्यात घालून नदीत नेऊन सोडल्या. ही तेव्हा फ्रॉकातली. बापाला म्हणाली, "आबा, त्यांला पवता येतंय का?" बाप म्हणाला, "आजवर आपल्याला बुडवलं, आता त्यांचं ते बघतील." हे ती हसत सांगायची.

मी त्याच्या आधीचं एक बघितलंय. पोरगा होतो, गावातल्या देवळाच्या खालच्या पायरीवर टेकलो. दमलो होतो म्हणून. पुजाऱ्यानं घागरभर पाणी आणून ओतलं. माझ्यावर नाही, पायरीवर. पायरी धुतली. मला धुतलं असतं तर एवढं वाटलं नसतं, मी तेव्हा लई मळलेला असायचो. त्या दिवशी ठरवलं, यांच्या दारात पाय ठेवायचा नाही. पुढं कायदे झाले, दारं उघडली, मी ठेवला नाही. देऊळ उभं असो का पडकं.

गयाबाईचं उलटं. उभ्या देवळाकडं ती ढुंकून बघायची नाही. पडकं दिसलं की पदर खोचून आत.

ही खोड लागली बहात्तरच्या दुष्काळात. लग्नाला दोन-तीन उन्हाळे झाले होते. सगळं शिवार करपलेलं, माणसं सरकारी कामावर. आम्हाला सडकेचं काम मिळालं. गडी घण घालायचे, बाया बसून खडी फोडायच्या. त्या साली मोठमोठ्या घरातल्या बायाही तोंडावर पदर ओढून खडी फोडायला आल्या होत्या. दुपारी सगळ्यांना सारखीच सुकडी. पाण्याचे रांजण मात्र दोन, एक त्यांचा अन् एक आमचा. मुकादम त्यावर लक्ष ठेवून असायचा. खडी मोजायला चुकला तरी रांजणात चुकला नाही.

सडक एका उंचवट्यापाशी आली. तिथं पडकं देऊळ. अर्धं उभं, अर्ध्याचे दगड पसरलेले. मुकादम म्हणाला, "डोंगरातून कशाला दगड आणायचा? हितलेच घ्या. आयते कापलेले हायत."

माणसं जरा बिचकली. पण पोटात काही नसलं की बिचकणं फार वेळ टिकत नाही. घण पडायला लागले. गयाबाईनं एक दगड पालथा केला अन् मला हाक मारली.

"आवो, हिकडं या. ही बघा."

दगडावर एक बाई कोरलेली. एका पायावर उभी, दुसरा पाय वर उचललेला, वाकून तळपायातला काटा काढतेय.

"मंग?" मी म्हणलं.

"मंग काय? पायात वहाण न्हाई हिच्या. आपल्यातलीच हाय." असं म्हणून ती त्या दगडावर बसली.

मुकादम आला. "ए बाई, उठ. हजेरी कापीन."

"तिचा काटा निगू द्या. मंग उठते."

"कुणाचा काटा?"

"हिचा. खालचीचा."

आता चित्र डोळ्यांपुढं आणा. दुपारचं ऊन, केस सुटलेले, पोटात सुकडीचा घास, घामानं डबडबलेली, डोळे लाल, अन् बोलतेय काट्याचं. बायांत कुजबूज झाली. हिच्या अंगात आलं! तोंडावर पदर घेतलेली एक मोठ्या घरची बाई पुढं आली अन् हिच्या पायावर पडली. "आई, पाऊस कदी पडंल?"

गयाबाई चिडली. "मला काय इचारता? मी खडी फोडायला आलेय."

मागून कुणीतरी ओरडलं, "देवी म्हणती, खडी फोडा! काम सोडू नका!" सगळ्यांनी हात जोडले. मुकादमाची तर बोबडी वळली. पळत जाऊन तांब्या भरून आणला. त्यांच्या रांजणातला. आपल्या हातानं दिला. गयाबाईनं तांब्या घटाघटा रिकामा केला, तोंड पुसलं अन् म्हणाली, "अजून एक आना. देवीला तहान लई लागलीय."

दगड वाचले. सडक बाजूनं न्यावी लागली. पुढं तिचं डांबरीकरण झालं, पण ते वळण अजून तिथं आहे. नवे ड्रायव्हर शिव्या देतात, कावून एवढं वाकडं केलं म्हणून. मी गाडीत असलो तर गप बसतो.

त्याच दुपारी ती पहिल्यांदा गाभाऱ्यात गेली. देवी म्हणल्यावर अडवतो कोण? बाहेर आली ते तोंड उजळलेलं. घरी गेल्यावर माझी आई पेटली. "आपन देव सोडले आन तू देवळात जाऊन बसली?"

"आत देव न्हाई, आत्याबाई. मी सगळीकडं बघून आले. नुसती जागा हाय. गार."

"आन अंगात आलं म्हनत्यात ते?"

"ते त्यांच्या अंगात आलं, माज्या न्हाई."

रात्री मला म्हणाली, "ज्यानं ती बाई कोरली त्यानं किती जपून हात चालवला आसंल. शेवटाला काटा कोरला आसंल. त्याच्यावर मी घण घालू? आन काम झाल्यावर त्याला म्हनले आसतील, बाबा, आता भायेर हो."

हे तिचं देवळाबद्दलचं सगळं तत्त्वज्ञान. याच्या पुढं ती कधी गेली नाही अन् मागंही आली नाही.

पुढं पोरगा संजू हाताशी आला, थोडी उसंत मिळाली, तशी ती मला घेऊन पडकी देवळं हिंडायला लागली. कुणी सांगितलं की अमक्या शिवारात जुने खांब आहेत, की हिची भाकरी थापून तयार. लोक विचारायचे, "काय गयाबाई, तीर्थाला?" ती म्हणायची, "काम बघायला."

आणि खरंच काम बघायची. हात जोडायची नाही. बाजारात म्हशीला थोपटतात तसं खांबाला थोपटायची, वाकून खालचा भाग बघायची, बोट फिरवायची. मग निकाल. निकाल दोनच. "काम चांगलं हाय" किंवा "काम उरकलंय". याच्यात मधलं काही नाही. माणसांनाही हेच माप. व्याही, सून, सरपंच, सगळे या दोनांपैकी एकात. माझ्याबद्दल एकदा सुनेनं विचारलं. म्हणाली, "तुजा सासरा? उरकलेलं काम हाय. पन दगड चांगला व्हता."

कोरलेल्या मूर्ती तिच्या सगळ्या ओळखीच्या. खांबाच्या वरच्या टोकाला बुटके लोक असतात, डोक्यावर छत तोललेलं, गाल फुगलेले. ते ऊसतोड्ये. "मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना असंच तोंड व्हतं." अन् दाराशी एक ढेरपोट्या बसलेला असतो, हातात थैली. तो डेअरीचा चेअरमन. एकदा पुण्याची दोन शिकलेली माणसं कॅमेरे घेऊन आलेली. त्यांनी तिला विचारलं, "आजी, हे कोण?" हिनं गंभीर तोंड करून सांगितलं, "चेअरमन." ते दोघं एकमेकांकडं बघायला लागले. त्यातला एक म्हणाला, "त्या काळी पण?" ही म्हणाली, "त्या काळी काय लोकं दूध घालत नव्हते?"

चेअरमन आमच्याकडं कमी नाहीत. दुष्काळ सरला अन् सहकार आला. आधी सोसायटी, मग दूध डेअरी, मग कारखाना. प्रत्येकाला एक चेअरमन. चेअरमन झाला की माणसाला पोट सुटतं, हे मी सगळ्या पक्षांत बघितलंय. मीही कारखान्यावर हंगामी होतो, त्यामुळं मला बोलायचा हक्क नाही, पण पोट दिसतं ते दिसतं.

दूध डेअरीत गयाबाई सभासद झाली. एक म्हैस होती. एका साली डेअरीनं बाया-सभासदांना देवीच्या दर्शनाला न्यायचं ठरवलं. डेअरीचाच टेंपो. मला बरोबर घेतलं ते टेंपो ढकलायला. ड्रायव्हर बबन्या. निम्म्या वाटेत टेंपोनं वाफ सोडली.

"काय बे बबन्या, पानी घातलं नव्हतं का?"

"घातलं व्हतं की. सकाळी कॅन धुतली त्याच पान्यातलं घातलं, वाचवून."

आता इंजिनात दुधाचं पाणी. उन्हात टेंपोला खरवसाचा वास यायला लागला. बाया खाली उतरल्या, बबन्याला शिव्या घातल्या, सावली शोधायला लागल्या. मैलभर झाड नाही. गयाबाई म्हणाली, "त्या वावरात एक जागा हाय. चला."

"कंच्या देवाची?"

"देव गेलेला हाय. सावली हाय."

सगळ्या गेल्या. मी मागं, पाण्याची कळशी घेऊन. पडकं देऊळ, पण मंडप शाबूत. गयाबाई सरळ आत निघाली. तेव्हा चेअरमनची आई, शेवंतामाय, दारात उभी राहिली. जुनं माणूस. म्हणाली, "अगं ए, तू कुठं आत निगालीस?"

मला वाटलं, झालं, आता चालत घरी जावं लागणार. गयाबाई थांबली. अजिबात आवाज चढवला नाही.

"माय, एक सांगा. डेअरीच्या कॅनमदी माज्या म्हशीचं दूध तुमच्या दुधात जातंय. सकाळी च्या करताना माजं येगळं काढता का?"

शेवंतामायनं विचार केला. बराच केला. मग म्हणाली, "तुज्या म्हशीला फॅट किती लागती?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

"तवाच म्हनलं, आमच्या च्यावर साय कुटनं येती." म्हातारीनं काठी बाजूला घेतली. "चल, आत चल. मला बी हात दे, पायरी उंच हाय."

त्या दुपारी त्या बाया त्या देवळात अशा झोपल्या की बबन्यानं हॉर्न वाजवून वाजवून टेंपोची बॅटरी उतरवली. मग परत मीच ढकलला. देवीला पोचलो तेव्हा रांग एवढी लांब की लांबूनच कळस बघून माघारी फिरलो. येताना शेवंतामाय म्हणाली, "खरं देवस्थान मधलंच व्हतं. कुणी ढकलत नव्हतं."

हे ऐकून गयाबाई लई खूश. पण या खुशीचाच पुढं घात झाला.

कारण सहकारात पैसा आला, अन् पैसा आला की माणसाला जीर्णोद्धार सुचतो. पहिलं गेलं ते आमच्या सडकेच्या वळणावरचं, काटा काढणाऱ्या बाईचं. तिथं देव आणून बसवला. कारखान्यानं फरशी दिली, पतसंस्थेनं ग्रील दिलं, अन् रंगाचं काम कुणा पुढाऱ्याच्या मेहुण्यानं घेतलं. कळस चढवायच्या दिवशी सगळ्या गावाला जेवण. आम्हालाही आमंत्रण, एकाच पंगतीत, खोटं कशाला बोलू. मी रस्त्यावर थांबलो, ही आत गेली.

बाहेर आली ती हसत होती का रडत होती मला कळेना.

"काय झालं?"

"तिला रंगवलंय. गुलाबी. व्हटाला लाली लावलीय. आन काटा रंगात बुडाला. आता बाई नुसतीच पाय वर करून उभी हाय. लोकांला वाटंल नाचायली."

"आन तू बसलीस का?"

तिनं आधी वहाणा पायात घातल्या. मग म्हणाली, "बसले व्हते की माज्या जाग्यावर. खांबापाशी. एक पोरगं आलं, बिल्ला लावलेलं. 'आजी, दर्शन झालं ना, पुडं सरका, मागं रांग हाय.' लई गोड बोललं." थोडं चालल्यावर परत म्हणाली, "आदी हाकलायचे. आता सरकवत्यात."

निकाल विचारायची गरज नव्हती, पण तिनं दिला. "काम उरकलंय."

पुढं दुपारी ग्रीलला कुलूप लागायला लागलं, आतल्या फरशीवर शेळ्या जातात म्हणून. शेळ्यांचं बरोबर आहे. पण दुपारच्याला तिथं दुसरं कोण जायचं, तर ही.

तेव्हापासून तिला एक ध्यास लागला. दुपारी बसता येईल, कुणी सरका म्हणणार नाही, असं देऊळ. ते लांब लांब जात गेलं. पालीच्या बाजूला एक होतं, त्याच्यावर पत्रे टाकले अन् भोंगा बसवला. एका ठिकाणी गेलो तर बाथरूमला असतात तसल्या टाईला, त्यांच्यावर बदकं. गयाबाईनं बदकाला बोट लावून बघितलं. "हे कोरलंय का चिटकवलंय?" म्हणाली. दर साली एक कमी. आम्ही म्हातारे होत गेलो अन् देवळं तरणी व्हायला लागली.

मी तिला एकदा बोललोही. आपल्या वस्तीतलं विहार बांधलं तेव्हा टाईल बसवा म्हणून हिनंच घोशा लावला होता. "तितं टाईल चालती आन हितं न्हाई?"

"इहार माजं हाय. मीच झाडते. टाईल आसली की झाडायला सोपं."

"आन देऊळ?"

"ते माजं न्हाई. म्हनून तर तितं नुसतं बसायचं. झाडावं लागत न्हाई, सासू न्हाई, सून न्हाई, तुमी बी आत येत न्हाई. जगात अशी दुसरी जागा दावा मला."

माझ्या घरात तिला बसायला वेळ नव्हता, हे खरंच होतं.

शेवटी डोंगरातलं ते एकच उरलं. चारेक वर्षं आम्ही तिथंच जात होतो. गावच नाही धड, वस्ती. पैसा नाही म्हणून देऊळ वाचलेलं. गयाबाईला वाटायचं आपण मरेपर्यंत तरी हे असंच राहील. तेवढं राहिलं.

तिचं सगळं केलं आम्ही, वस्तीनं मिळून. भन्तेजी आले, वंदना झाली. पोरगा संजू पुण्याहून आला. घर पाव्हण्यांनी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंधारात उठलो, अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. संजू दारात.

"बापू, कुठं निगालात?"

"मीटिंगला."

"कसली मीटिंग?"

"तुज्या मायची व्हती. मी जाऊन येतो."

त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बरोबर येतो म्हणाला. मी म्हणलं, पाव्हण्यांचं बघ. पहिली गाडी धरली. मांजरसुंब्याला चहासुद्धा घेतला नाही.

वस्तीवर पोचलो तर मीटिंग भरलेली. देवळाच्या आतच. दहा-बारा माणसं अन् दोघी-तिघी बाया, सगळ्यांचा एकदम गलका. मी बाभळीखाली उभा राहून हाक मारली. "नाना! माजं दोन शब्द ऐका!"

"कोन? बाबा व्हय? आत या की, उन्हात कावून उभे?"

"हितूनच बोलतो."

"ऐकू येत न्हाई, बाबा! हितं फरशीवरून भांडन चाललंय. बाई कुठायत? त्या बोलनार व्हत्या."

"गेली," मी म्हणलं. "परवा रात्री."

आतला गलका थांबला. नाना दारात आला. बाजूला सरून उभा राहिला.

आता तिच्या वतीनं बोलायला आलो अन् अंगणातून ओरडून जायचं, हे मलाच बरं दिसेना. मी वहाणा काढल्या नाहीत, ते सांगतो. पण गेलो. आणि जाताना चौकटीवर असं कपाळ आपटलं की डोळ्यांपुढं काजवे आले. दार ठेंगणं होतं. तिनं एवढ्या वर्षांत हे कधी सांगितलं नाही.

कपाळ चोळतच बोललो. "मला देवाचं काय न्हाई. देव बसवा, फरशी घाला, रंग द्या, पायजे तर बदकं लावा. दार लावू नका. माजी मालकीन दुपारची हितं बसायची. तिच्यासारखं अजून कुनी आसंल. त्याला बसू द्या. कुनी सरका म्हनू नका. संपलं माजं."

मग नाना म्हणाला, "बाबा, त्या नेमक्या कुठं बसायच्या? तेवढी जागा तरी मोकळी ठेवू."

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. चार खांब, मागं काळोख. मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांचा संसार, अन् बायको कुठं बसायची ते माहीत नव्हतं. तरी बोट केलं एका कोपऱ्याकडं. "तितं."

एक पोरसवदा गडी म्हणाला, "बाबा, तितं वटवागळं मुतत्यात. तितं कशाला बसतील?"

दोघंतिघं हसले. नानाची सून साळूबाई उठली. "तितं न्हाई. हिकडं बसायच्या. शेळ्या घेऊन आले की मी बी टेकायचे शेजारी." तिनं डावीकडचा आतला खांब दाखवला. "बसा, बाबा."

मी बसलो. खांबाला पाठ लागली. माझ्या डोक्यावरनं मीटिंग परत सुरू झाली. कुणी म्हणालं, दार नाही तर देऊळ कसलं. नाना म्हणाला, "दाराला पैसे कुठायत? चेअरमननं फरशीचंच कबूल केलंय. दाराचं पुढल्या इलेक्शनला बघू." सगळ्यांना पटलं. म्हणजे इलेक्शनपर्यंत तरी उघडं.

साळूबाई हळूच म्हणाली, "हितनं तुमी पाक दिसायचे बाबा. मला म्हनायच्या, बघ, आता कांदा फोडंल. बघ, आता मिशीला पिठलं लागंल. आन लागायचंच. लई हसायच्या."

मी समोर बघितलं. दाराच्या चौकटीत ऊन, उन्हात बाभळ, बाभळीखाली माझा दगड, सगळं लख्ख. दगडावर नानाची एक शेळी चढून बसली होती. तोंड वाकडं करून काहीतरी चघळत होती अन् आत बघत होती. तिला आतलं काही दिसत नसणार. नाना म्हणाला, "आता पुढचा इषय टँकरचा." मी तिथंच बसून राहिलो.